लंडन सत्त्याण्णव मैल

ऑल्डकॉमच्या चर्चची किल्ली
हेस्टर पोकॉकच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागे असते.
वीतभर लांब, लोखंडी. तिच्या वजनाने
एप्रनचा खिसा दोनदा उसवला आहे.
कुणी बघायला आलं की हेस्टर हात पुसते
आणि पुढे चालू लागते; मागे कुत्रं, त्याच्या मागे आपण.

मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा.
मिनिटांचा कधी नव्हताच.
"करणाऱ्याला वाटलं असेल,
इथे तेवढ्यावर भागेल."
आणि भागलंही. तीनशे वर्षं माणसं
अंदाजे उठली, अंदाजे लग्नाला उभी राहिली,
भाकरी करपली तर करपली.

यूच्या काळ्या झाडाखाली थडगी कललीत,
शेजारणीच्या कानाशी लागावं तशी.
एका दगडावरची सगळी अक्षरं शेवाळाने खाल्ली,
फक्त 'यांची पत्नी' एवढं ठेवलं.
कोण, कोणाची,
हेस्टरलाही ठाऊक नाही.
नाताळात ती तिथेही एक मेणबत्ती लावते.

मग खोडा. ओकची फळी, पायांसाठी पाच भोकं.
पाच का? असं विचारायची जागा ठरलेली आहे
आणि उत्तरही:
"गावात एक लाकडी पायाचा चोर होता."
उन्हाळ्यात पोरं त्यात पाय घालून
आइस्क्रीम खातात. गुडघ्यावर ओघळतं.

कोंडवाड्याची गोल भिंत अजून उभी आहे.
चुकार गुरं इथे कोंडत, दंड भरला की सोडत.
आता आत गवत, आणि एक बाक:
पोस्टमन सिरिल टॅपस्कॉट यांच्या स्मरणार्थ,
जो चाळीस वर्षांत कुणाच्या ओट्यावर
घटकाभरही बसला नाही.

दगड शेवटी.
चाळीस साली शत्रू उतरणार म्हणून हुकूम आला:
पाट्या काढा, गावांची नावं पुसा, मैलाचे दगड पुरा.
हेस्टरच्या बापाने, अँब्रोज पोकॉकने, तो रातोरात पुरला.
कुणाला सांगू नको, असं बजावलं होतं.
त्याने ते इतकं मनावर घेतलं
की लढाई संपली, घंटा वाजल्या,
साखरेचं रेशन उठलं, तरी सांगितलं नाही.
मरताना पाद्रीबुवांनी कानाशी वाकून विचारलं.
त्याने डोळे मिटले.
विसरला होता की अजून पाळत होता, देव जाणे.

पुढे तीस वर्षांनी गटाराचं खणताना
तो सापडला, पोकॉकांच्याच परसात,
कोंबड्यांच्या खुराड्याखाली.
म्हणजे हेस्टर जन्मभर
लंडनच्या डोक्यावर उभी राहून अंडी गोळा करत होती.

आता तो मूळचा कुठे होता?
ओढ्याच्या अलीकडे, म्हणाले रिबन्स.
पलीकडे, म्हणाली त्यांची बायको,
आणि त्या घरात आठवडाभर कुणी बोललं नाही.
शेवटी पोस्टासमोर बसवला,
तिथली जमीन जरा सपाट होती म्हणून.

जिल्ह्याचा मोजणीवाला चाक फिरवत आला.
म्हणाला, पाव मैल चुकलंय.
गावाने त्याला चहा दिला,
जर्दाळूचा केक दिला, दुसरा तुकडाही दिला,
आणि बसपर्यंत पोचवून आलं.

दगड आहे तिथेच आहे.
हेस्टर त्यावर टेकून बुटातला खडा काढते.
"तुम्ही कधी गेलात लंडनला?"
"एकदा. अक्कलदाढ काढायला."
ती खडा हातात धरून बघते, मग रस्त्यावर टाकते.
"जाताना सत्त्याण्णवच वाटलं.
येताना कमी."

वर काटा चार आणि पाचच्या मध्ये कुठेतरी.
कुत्रं उठतं.
किल्ली खिशात डाव्या मांडीवर आपटत आपटत
ती घराकडे वळते, कोंबड्या आत घ्यायच्या असतात.